म्हसतळ्याची हौसाआत्या

हौसाआत्या मंगळवारी कधी आजारी पडत नसे. ताप यायचा तो बुधवारी, पाय मुरगळायचा तो शुक्रवारी. भावकीत लग्न निघालं आणि मुहूर्त नेमका मंगळवारचा असला, तर ती हळदीला असायची, पंगतीत वाढायला असायची, पण सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात मांडवात शोधून सापडायची नाही. त्या वेळी ती मोशीच्या मागच्या अंगाला म्हसतळ्यात मांडीभर पाण्यात उभी असायची. लुगडं वर खोचलेलं, एका हातात खुणा केलेली बांबूची काठी, दुसऱ्या हातात दोन लिटरचा कॅन. अशी सव्वीस वर्षं.

आकुर्डीला आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, ती परिचर होती. सगळं कॉलेज तिला आत्याच म्हणायचं. बाटल्या धुणे, काचा पुसणे, प्रात्यक्षिकाची मांडामांड करणे आणि चहा सांगून येणे, अशी तिची कामं कागदावर होती. ती सगळी ती करायचीच. त्याशिवाय जे करायची ते कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. आधीच सांगते, आत्याबद्दल माझ्या मनात माया आहे, पण हे लिहिताना मायेपेक्षा राग जास्त वर येतो, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

म्हसतळं म्हणजे काही मोठा तलाव नव्हे. चाकणच्या कंपन्यांकडे जाणारा रस्ता आणि जुनं गाव यांच्या मधल्या उतारावरचं एक पसरट, उथळ तळं. भर पावसाळ्यात माणूस जेमतेम छातीपर्यंत बुडेल, उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत. गावच्या म्हशी तिथे डुंबायच्या, म्हणून ते नाव. आमच्या विभागात पूर्वी एक प्राध्यापक होते, त्यांना सगळे थोरले सर म्हणत. त्यांनी हे तळं मुद्दाम निवडलं. पाण्यात एक बारीक शेवाळ तरंगत असतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. पाण्याची तब्येत बदलली की आधी ते बदलतं. दर आठवड्याला त्याच जागेचं, त्याच वेळी पाणी घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं शेवाळ ओळखायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं, असं वर्षानुवर्षं करायचं त्यांनी ठरवलं. "खोल तलाव मनातलं मनात ठेवतो," ते म्हणायचे, "उथळ तळं लगेच बोलून दाखवतं."

हौसाआत्या मोशीचीच. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, ती माहेरी भावाकडे परत आली आणि कॉलेजात लागली. तळं तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून पाणी आणायचं काम तिच्याकडे आलं. पुढे थोरल्या सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. ती सांगायची, ते लिहायचे. मग ती सांगायची आणि तीच लिहायची. सर निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. विभागात कुणीही तिला हे काम पुढे चालू ठेव असं सांगितलं नाही. बंद कर असंही कुणी सांगितलं नाही. ती करत राहिली.

सातच का, असं मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, थेरगावहून दोन बस बदलून यायचे आणि सकाळचे सात मला अघोरी वाटायचे. आत्या म्हणाली, "वारा उठायच्या आत जायाचं. उथळ पाणी हाय. वारा लागला की खालचा गाळ वर येतो, मग तू तळं मोजतीस का चिखल?" पुस्तकातली तीन पानं वाचूनही मला एवढं कळलं नव्हतं.

पाण्याचा नितळपणा मोजायला काळ्यापांढऱ्या रंगाची एक तबकडी असते. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. विभागातली तबकडी हरवली. नवीन मागवायचा अर्ज महिनाभर टेबलावर पडून राहिला. आत्याने घरातलं स्टीलचं ताट रंगवलं, मधोमध भोक पाडून दोरी ओवली आणि काम पुढे चालू केलं. तिच्या सुरुवातीच्या वह्यांत जागोजाग लिहिलेलं आहे, ‘ताट तळाला टेकलं, दिसत होतं.’ नंतरच्या वह्यांत सेंटिमीटरचे आकडे येतात आणि ते वर्षागणिक लहान होत जातात.

कॅनमधलं पाणी बाटलीत ओतलं की ती त्यात आयोडीन घालायची, म्हणजे त्यातलं शेवाळ टिकतं आणि तळाशी बसतं. किती घालायचं, तर "कोऱ्या चहाचा रंग आला पाहिजे. दुधाच्या न्हाई." त्यामुळे तिच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळट तपकिरी असायची. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, हौसा, हळद कधी लागली गं. ती म्हणायची, "ही कालिजातली हळद हाय, जात न्हाई."

मोजताना तिच्यासमोर चिंचोक्यांच्या वाट्या असायच्या, शेवाळाच्या प्रत्येक जातीची एक. चौकटी आखलेल्या काचेवर दहा मोजून झाले की त्या वाटीत एक चिंचोका. शास्त्रीय नावं तिला सगळी पाठ होती आणि वहीत ती तीच लिहायची. पण बोलताना तिची स्वतःची नावं चालायची. टोकदार असायची ती होडी, चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेली शिडी, हातपाय पसरलेली चांदणी. आणि एक होता हिरवा रवा. तो घाण पाण्यात वाढतो. वाढला की पाण्यावर हिरवी साय धरते आणि जनावराला ते पाणी विषासारखं असतं. रव्याच्या वाटीकडे ती जरा रागानेच बघायची.

एकदा बाहेरून परीक्षक आले होते. प्रात्यक्षिकात ओळखायला ठेवलेल्या एका काचेवरची चिठ्ठी चुकीची होती. आत्या जवळून जाताना आमच्या विभागप्रमुखांना हळूच म्हणाली, "सर, ही ती न्हाई. हिच्या कडा बघा." परीक्षक हसले. विभागप्रमुखही हसले आणि म्हणाले, "आत्या, तुम्ही चहाचं बघा." ती चहाचं बघायला गेली. परीक्षक गेल्यावर विभागप्रमुखांनी पुस्तक काढलं, पाच मिनिटं काचेवर वाकले आणि मग मला म्हणाले, "चिठ्ठी बदलायला सांगा." चिठ्ठ्या लिहिणं हे आत्याचंच काम. तिने नवी चिठ्ठी लिहून चिकटवली. तुम्ही बरोबर होता, असं तिला कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

मग तळ्याच्या वरच्या बाजूला शेड उठल्या, भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि सगळ्यांच्या सांडपाण्याचा एक चर कुणी एका रात्रीत तळ्यात काढून दिला. कुणी काढला ते गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच बोललं नाही. आत्याच्या वहीत मात्र त्या चराचा आठवडा आहे. पुढच्या दोन महिन्यांत तळातली पाणवनस्पती कुजली, होड्या कमी झाल्या, आणि रव्याच्या वाटीतले चिंचोके पुरेनात. तिने भावाला, म्हणजे दादांना, सांगितलं की म्हशी तळ्यावर नेऊ नका. दादांनी तिच्या शब्दाखातर नेल्या नाहीत. ती आळीत दारोदार फिरली. लोक म्हणाले, आमच्या आज्यापणज्याच्या म्हशी याच पाण्यावर जगल्या.

एका घरचं वासरू मेलं. मी चिडून म्हणाले, "आत्या, आता तरी सांगा त्यांना, पाण्यानेच मेलं म्हणून." ती म्हणाली, "वासरू कशानं मेलं ते म्या बघितलं न्हाई. पाण्यात काय हाय ते बघितलंय. तेवढंच सांगणार." आजूबाजूला छातीठोकपणे खोटं बोलणारी एवढी शिकलेली माणसं मी पाहिली, त्यात ही एक बाई खरं बोलतानासुद्धा एक पाऊल अलीकडे थांबायची.

आता विभागप्रमुखांच्या प्रबंधाचं. त्यांना डॉक्टरेट मिळाली ती म्हसतळ्यावर. ‘एका उथळ तळ्यातील शेवाळाचा दीर्घकालीन अभ्यास’ अशा अर्थाचं त्याचं नाव. त्यातले सगळे तक्ते मी टंकलिखित केले, आत्याच्या वह्या उजव्या हाताला ठेवून. मी त्या तळ्यावर विभागप्रमुखांना दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा फोटोसाठी. ऋणनिर्देशाचं पान आलं तेव्हा मी ते हळूहळू टाइप केलं. प्राचार्य होते, ग्रंथपाल होते, पत्नी होती, मुलांच्या सहनशीलतेचे आभार होते. टंकलेखनाबद्दल मीही होते. हौसाबाई नव्हत्या.

मी पान छापून आत्याला दाखवलं. म्हटलं, "तुमचं नाव नाही यात." तिने पान लांब धरून वाचलं आणि विचारलं, "तळ्याचं हाय ना?" मी हो म्हणाले. "मग झालं," असं म्हणून ती बाटल्या धुवायला लागली. तिचं झालं असेल. माझं होत नाही. मी त्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एक वाक्य बोलू शकत होते. मला पुढे तिथेच शिकवायचं होतं, म्हणून मी बोलले नाही. ती नोकरी मला मिळाली, दरवर्षी नव्याने करार करायची.

आत्या निवृत्त झाली त्याच वर्षी विभागाचं नूतनीकरण निघालं. कपाटं बाहेर काढली आणि व्हरांड्यात रद्दीचा ढीग लागला. त्या ढिगात तिच्या सगळ्या वह्या होत्या. ती विभागप्रमुखांना शोधत गेली आणि विचारलं, "सर, ह्या वह्या टाकायच्या हायेत का?" ते फोनवर होते. हाताने हो म्हणाले. ती थांबून राहिली. फोन संपल्यावर तिने पुन्हा विचारलं. "अहो हो, झालं आता त्यांचं काम," ते म्हणाले. मी शेजारीच उभी होते. तिने त्या वह्या तांदळाच्या दोन पोत्यांत भरल्या आणि आम्ही दोघींनी त्या मोशीच्या बसमध्ये चढवल्या. कंडक्टर म्हणाला, "आत्या, आज पाण्याच्या जागी काय?" ती म्हणाली, "तेच हाय, वाळलेलं."

निवृत्तीनंतरही तिचं काम चालूच राहिलं. मंगळवारी पाणी घ्यायची, बुधवारी दुपारी माझ्या प्रयोगशाळेत येऊन मोजायची. मी किल्ली द्यायचे. कुणी विचारलंच तर मला भेटायला आल्या आहेत, असं सांगायचे. तेवढं धैर्य माझ्यात होतं.

पुढे एका मोठ्या बांधकाम कंपनीने तळ्याच्या कडेची जमीन घेतली. त्यात दादांचीही होती. नकाशात निम्मं तळं बुजवलेलं होतं, उरलेल्याला सिमेंटचा काठ आणि मधे कारंजं. नाव अर्थातच तळ्यावरून. कायद्याप्रमाणे जनसुनावणी ठेवली आणि सुनावणीला कंपनीने तज्ज्ञाचा अहवाल जोडला. एका पावसाळी दुपारी घेतलेल्या तीन बाटल्या पाण्यावर तो बेतलेला होता. निष्कर्ष असा, की सदर जागा हे पावसाळी डबकं असून तिथे उल्लेखनीय जीवसृष्टी नाही. खाली सही आमच्या विभागप्रमुखांची. तेही आता निवृत्त होऊन सल्लागार झाले होते. ज्या तळ्यातल्या जीवसृष्टीवर त्यांनी नावामागे डॉक्टर लावलं, तीच त्यांच्या लेखी आता उल्लेखनीय नव्हती. मी तो कागद तीनदा वाचला. मला वाटलं होतं, माणसाला निदान स्वतःच्या प्रबंधाची लाज वाटत असेल.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी आत्याकडे गेले होते. दादा ओसरीत होते. त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "हौसे, तू तळ्याची का आमची?"

आत्या वह्या गोणपाटातून काढून तारखेप्रमाणे लावत होती. म्हणाली, "दादा, तू सही केलीस, म्या काही बोलले का? तुझी जमीन हुती, तू दिलीस. तळं तुझं बी न्हाई, माझं बी न्हाई. पर त्यात काय हाय ते मला ठावं हाय. मला इचारलं तर सांगणार."

"तुला कोण इचारणार हाय तिथं?"

"न्हाई इचारलं तर हात वर करीन."

सुनावणी मोशीतल्या एका मंगल कार्यालयात झाली. नवरानवरीच्या खुर्च्या असतात तिथे अधिकारी आणि कंपनीची माणसं बसली होती. आत्याने खरंच हात वर केला. बराच वेळ तो तसाच होता. शेवटी माइक मिळाला. पायाशी ठेवलेल्या वह्यांवर तिने हात ठेवला. ती म्हणाली, "सायेब, हे डबकं न्हाई. ह्यात उन्हाळ्यात बी पाणी असतं आन् पाण्यात जीव असतो. दर मंगळवारचं लिवलेलं हाय. आधी कसं हुतं, चर काढल्यावर कसं झालं, सगळं ह्यात हाय. चर बंद केला तर तळं सुधरंल, ते बी ह्यातनंच दिसतंय. एक वरीस चर गाळानं तुंबला हुता, तवा होड्या परत आल्या हुत्या."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोण परत आल्या?" सभागृहात हशा झाला. तिने शास्त्रीय नाव सांगितलं, अगदी स्पष्ट उच्चारात. त्यावर आणखी मोठा हशा झाला.

"आपलं शिक्षण?"

"सातवी."

मग विभागप्रमुख उठले. अतिशय सौम्य आवाजात ते म्हणाले, "या आमच्याकडे परिचर होत्या. बाटल्या धुवायचं काम करायच्या, प्रामाणिक बाई आहेत. पण या वह्या विभागाच्या मालमत्तेचा भाग आहेत. त्या यांच्या घरी कशा गेल्या, हा खरा प्रश्न आहे. परवानगीशिवाय नेल्या असतील तर त्याला काय म्हणतात, हे मी सांगायला नको."

आत्याने वळून बघितलं नाही. तिसऱ्या रांगेत मी बसले होते. वह्या कुणी रद्दीत टाकल्या, किती वेळा विचारून तिने त्या उचलल्या, हे त्या सभागृहात तीन माणसांना माहीत होतं. एक खोटं बोलत होता. एकीकडून माइक काढून घेतला होता. तिसरी मी. माझा करार पुढच्या महिन्यात संपणार होता आणि विभागप्रमुखांचा शब्द कॉलेजात अजून चालत होता. मी माझ्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसून राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या राव, म्हातारीला काय कळतंय." मी तेही ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांत आत्याला कॉलेजची नोटीस आली. वह्या परत करा, नाहीतर तक्रार दाखल होईल. ती दोन्ही पोती घेऊन रिक्षाने आली आणि म्हणाली, "पोच द्या." क्लार्क म्हणाला, कसली पोच, रद्दी तर आहे. ती म्हणाली, "रद्दी हाय तर नोटीस कशाला धाडली?" दुपारी चारपर्यंत ती बाकावर बसून राहिली आणि एकेका वहीचा पहिला आणि शेवटचा दिनांक लिहिलेली पोच घेऊनच उठली. वह्या एका कपाटात बंद झाल्या. किल्ली कुठे आहे, हे आजही मला कुणी सांगत नाही. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या तळ्यावर मुरूम पडला.

सुनावणीनंतर तिच्याकडे जायला मला चार महिने लागले. ती भाकरी करत होती. मी दारातच म्हणाले, "आत्या, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "व्हय, हवं हुतं."

मी थांबले. ती पुढे काही तरी म्हणेल, जाऊ दे पोरी वगैरे, अशी माझी अपेक्षा होती. तिने मला जेवायला वाढलं, भाकरीवर लोण्याचा गोळा घातला, आणि विषय तिथेच ठेवला. जेवून मी घरी आले आणि विद्यापीठाला पत्र लिहायला बसले. प्रबंधातले सगळे आकडे कुणाचे, तक्ते मी कशावरून उतरवले, वह्या कुणी टाकल्या, सगळं नावानिशी लिहिलं. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवायला नेलं.

तिने डोळे मिटून ऐकलं. एका ठिकाणी हाताने थांबवलं. "परत वाच."

मी वाचलं, "केवळ सातवी शिकलेल्या असूनही हौसाबाईंनी अत्यंत अचूक नोंदी ठेवल्या."

"असूनही काढ," ती म्हणाली. "केवळ बी काढ. माझ्या नोंदी बरुबर हायेत. एवढंच लिव्ह."

मी ते दोन शब्द खोडले. पत्र गेलं. तुमचा अर्ज विचाराधीन आहे, असं उत्तर आलं, आणि माझा करार पुढच्या वर्षी झाला नाही. आत्याला मी ते सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दुसरं कालिज बघ. तुला शिकवता येतंय."

त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. आजारपण पाच दिवसांचं. दहाव्याला मी इंद्रायणीच्या घाटावर गेले. आमच्याकडे हल्ली दहाव्यालाही माइक असतो, प्रवचन होतं, मग मान्यवरांची श्रद्धांजली होते. पांढऱ्या शर्टात विभागप्रमुख आले होते. कंपनीची दोन माणसंही आली होती. सरांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले आणि त्याच सौम्य आवाजात सुरू झाले, "हौसाबाई म्हणजे आमच्या विभागाचा कणा होत्या. त्यांच्या कष्टांचं ऋण..."

दादा उठले. ऐंशीला टेकलेला माणूस, डोक्याचं मुंडन झालेलं, अंगात नुसता पंचा. ते चालत माइकपाशी गेले आणि सरांच्या हातातून माइक काढून घेतला.

"सर, तुमी चारचौघांत आमच्या हौसाला चोर म्हणला हुता," ते म्हणाले. "ते आधी मागं घ्या. मग काय बोलायचं ते बोला."

सर म्हणाले, "दादा, ही ती वेळ नाही."

"तवाची वेळ तुमी ठरवली. आज आमी ठरवतो."

सर गर्दीतून वाट काढत गाडीकडे गेले. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि माइक पुढे केला. मी उठले. जे मंगल कार्यालयात बोलायचं होतं ते सगळं बोलले, मी किती वर्षं गप्प बसले तेसुद्धा. उशीर झालेला होता, आणि ज्या बाईसाठी बोलत होते ती ऐकायला नव्हती. यासाठी मला विभागप्रमुखांइतकाच माझाही राग येतो.

आठवड्याने दादांचा फोन आला. म्हणाले, घरी येऊन जा, दाखवायचं आहे. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामा होता. त्यांनी दार उघडून दिवा लावला. भिंतीला फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यावर काळ्या कापडाखाली औषधाच्या लहान लहान बाटल्या, रांगेने, शेकड्यांनी. प्रत्येकीवर तारीख, जागा आणि आत्याचं नाव. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. दर महिन्याची एक बाटली तिने पहिल्या वर्षापासून राखून ठेवली होती. उजेड लागू नये म्हणून कापड, आणि आयोडीनचा रंग उतरला की दोन थेंब वरून.

"ह्यात काय हाय ते मला बी सुनावणीनंतरच सांगितलं," दादा म्हणाले. "म्हणली, वह्या दाखवल्या तर वह्या नेल्या. आता हे कुणाला दाखवायचं न्हाई. म्या गेल्यावर त्या पोरीला दे."

मी एक बाटली उजेडाकडे धरली. तळाशी बोटभर गाळ बसला होता. त्यात त्या महिन्याचं सगळं तळं होतं. कुठल्याही कॉलेजातल्या कुणीही आज मोजलं, तरी वहीतलाच आकडा येणार होता.

दादा बाजेवर टेकले. "ह्यातनं आता काय व्हईल का?"

"बुजवलेलं तळं परत येणार नाही, दादा," मी म्हणाले. "पण ते डबकं होतं, असं यापुढे कुणाला म्हणता येणार नाही."

त्यांनी कापड पूर्ण बाजूला केलं.

"मग मोज," ते म्हणाले.